हप्ता की भाडे? एक सोलापुरी हिशेब

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर कुंभारी लागते. या गावाच्या शिवारात १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं. वसाहतीचं नाव रे नगर. एकूण प्रकल्प तीस हजार घरांचा, आणि त्याची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी झाली होती. घरं कोणाची, तर विडी वळणाऱ्या बायांची, यंत्रमाग कामगारांची, फेरीवाल्यांची, रिक्षाचालकांची, कचरा वेचणाऱ्यांची. माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरकरांचे आडम मास्तर, यांनी वर्षानुवर्षं केलेल्या पाठपुराव्यातून ही वसाहत उभी राहिली. त्याआधी याच कुंभारीत विडी कामगार महिलांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरं झाली होती. त्या घरांचा ताबा २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिला गेला. एका मध्यम शहराच्या कडेला कामगारांसाठी चाळीस हजार घरांचे प्रकल्प हाती घेतले जावेत, ही गोष्ट देशात सहसा सापडत नाही.

आता त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला चला. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडवर दोन खोल्या-हॉल-किचनचा फ्लॅट बघायला एक नोकरदार जोडपं आलं आहे. नवरा बँकेत, बायको शाळेत. भाड्याचं घर आहे, मूल लहान आहे, आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एकच गोष्ट सांगताहेत: भाडं म्हणजे पैसे पाण्यात, त्यापेक्षा हप्ता भरा, घर तरी आपलं होईल.

कुंभारीची विडी कामगार आणि जुळे सोलापूरचं हे जोडपं एकाच प्रश्नापुढे उभी आहेत. मला वाटतं, दोघांची उत्तरं वेगळी आहेत. आणि लोक ज्या कारणांसाठी घर घेतात, त्यातली निम्मी कारणं हिशेबात टिकत नाहीत. म्हणून आधी कागद-पेन्सिल घेऊन बसू.

आकडे समजुतीसाठी धरू या. तुमच्या भागातले तुम्ही त्या जागी घाला. फ्लॅट ३० लाखांचा. बँक ८० टक्के कर्ज देते, म्हणजे ६ लाख पदरचे आणि २४ लाख कर्जाचे. मुद्रांक शुल्क साधारण सहा टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणी फी ३० हजार. म्हणजे घरात पाऊल टाकण्याआधी ८ लाख १० हजार गेले. इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळाला नसेल तर जीएसटी वेगळा. कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं घेतलं तर महिन्याचा हप्ता २०,८२८ रुपये. तसाच फ्लॅट भाड्याने घेतला तर ९,००० रुपये धरू.

हप्ता आणि भाडं यांची थेट तुलना करायची सवय आपल्याला आहे आणि फसगत तिथेच होते. पहिल्या महिन्याच्या २०,८२८ रुपयांपैकी १७,००० रुपये निव्वळ व्याज असतं. मुद्दल फिटतं ते ३,८२८ रुपयांचं. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला तर बँकेकडे साडेबारा लाख रुपये जातात. त्यानंतर कर्जाचा उतारा मागवून पाहा. शिल्लक मुद्दल २१ लाख १५ हजार. साडेबारा लाख भरून कर्ज उतरलं ते अवघ्या २ लाख ८५ हजारांनी! भाडं पाण्यात जात असेल, तर व्याजही त्याच पाण्यात जातं. भाडं हे दुसऱ्याच्या घराचं भाडं आणि व्याज हे बँकेच्या पैशाचं भाडं, एवढाच काय तो फरक.

म्हणून हिशेब मांडायचा तो कायमचे गेलेल्या पैशांचा. घर घेणाऱ्याचे पहिल्या वर्षी व्याजात २ लाख २ हजार जातात. पदरचे ८ लाख १० हजार ठेवीत ठेवले असते तर सात टक्क्यांनी ५७ हजार मिळाले असते, ते बुडाले. घरपट्टी, सोसायटीचा देखभाल खर्च, रंगरंगोटी आणि गळती यांचे ३० हजार धरा. बेरीज २ लाख ८९ हजार. भाडेकरूचे जातात १ लाख ८ हजार. फरक १ लाख ८१ हजारांचा, आणि ३० लाखांच्या घरावर तो होतो सहा टक्के. अर्थात त्या वर्षी घराची किंमत सहा टक्क्यांनी वाढली तर दोघं बरोबरीत. कमी वाढली तर भाडेकरू पुढे, जास्त वाढली तर मालक पुढे. घर घेताना बिल्डर, एजंट आणि नातेवाईक खूप बोलतात, पण या सहा टक्क्यांबद्दल कोणी काही बोलत नाही.

आता तुम्ही म्हणाल, भाडं दरवर्षी वाढतं, हप्ता तसाच राहतो. बरोबर आहे, आणि मालकाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. भाडं वर्षाला पाच टक्क्यांनी वाढलं तर अठरा वर्षांनी ते हप्त्याच्या वर जातं. विसाव्या वर्षानंतर हप्ता शून्य होतो आणि भाडेकरू मात्र महिन्याला चोवीस हजारांच्या आसपास मोजत राहतो. पण वीस वर्षांचं पूर्ण गणित मांडलं तर काय निघतं? भाडेकरूने सुरुवातीचे ८ लाख १० हजार आणि दरमहा वाचणारा फरक सात टक्क्यांनी गुंतवला, तर कर वगळता त्याच्याकडे सुमारे ८६ लाख जमतात. घराची किंमत वर्षाला पाच टक्क्यांनी वाढली तर मालकाचं घर सुमारे ८० लाखांचं होतं, सहा टक्क्यांनी वाढली तर ९६ लाखांचं, आणि तीनच टक्क्यांनी वाढली तर ५४ लाखांचं. सगळा खेळ त्या एक-दोन टक्क्यांत आहे.

सोलापुरात दर किती वाढतात, हे पेठेपेठेवर आणि रस्त्यारस्त्यावर अवलंबून आहे. एक मोठं वास्तव मात्र प्रत्येक घरात दिसतं: शिकलेली मुलं पुण्याला जातात. अभियांत्रिकी झालं की हिंजवडी, खराडी किंवा चाकण. आई-वडील सोलापुरात, मुलगा पुण्यात भाड्याने, आणि दोघांच्या नावावर सोलापुरात एक कुलूपबंद फ्लॅट, असं चित्र कितीतरी घरांत आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी ११ लाख घरं रिकामी सापडली होती. ज्या शहरातली कमावती पिढी बाहेर जाते, तिथल्या फ्लॅटचा भाव मुंबई-पुण्याच्या चालीने चढेल असं धरून कर्ज काढणं जोखमीचं आहे. जगाचा अनुभवही फार वेगळा नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांनी तिथल्या शंभराहून अधिक वर्षांच्या किमती तपासल्या, तेव्हा महागाई वजा केल्यावर घरांची वाढ वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आतच निघाली.

व्याजदराचीही एक बाजू आहे. आजची बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची असतात. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये चार टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला. सात टक्क्यांनी वीस वर्षांचं नवं कर्ज घेतलेल्याचा हप्ता लाखाला ७७५ रुपये पडत होता. दर साडेनऊ झाला की त्या लाखावर महिन्याचं नुसतं व्याजच ७९२ रुपये होतं. हप्ता तोच ठेवला तर कर्ज फिटायच्या ऐवजी वाढत जातं. म्हणून बँका मुदत ओढतात, हप्ता वाढवतात किंवा दोन्ही करतात. भाडं वाढतं आणि हप्ता स्थिर असतो, हे वाक्य मनात धरणाऱ्यांनी ही तीन वर्षं आठवावीत. करसवलतीचा आधारही आता पूर्वीसारखा नाही. राहत्या घराच्या कर्जावरच्या दोन लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट जुन्या करपद्धतीत मिळते. नव्या पद्धतीत ती नाही, आणि घरभाडे भत्त्याची सूटही नाही.

इथवरचा हिशेब वाचून जुळे सोलापूरच्या जोडप्याने लगेच निर्णय फिरवू नये, कारण त्यात एक माणूस गृहीत धरलेला आहे: दर महिन्याला बारा-चौदा हजार रुपये न चुकता बाजूला टाकणारा भाडेकरू. लग्नकार्य, दवाखाना, नवी गाडी, भावाची अडचण अशा प्रत्येक वेळी त्या पैशाला हात न लावणारा. तसा माणूस विरळा. हप्ता मात्र पगार झाल्या झाल्या बँक आपणहून कापून घेते. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने गेल्या तीस-चाळीस वर्षांत जी काही संपत्ती उभी केली, तिचा मोठा भाग या सक्तीच्या बचतीतून आला आहे, असं माझं मत आहे. ही सक्ती व्याज भरून विकत घ्यावी लागते, पण ज्याच्याकडे शिस्त नाही त्याला ती परवडते.

दुसरी गोष्ट भाड्याने राहण्याच्या अनुभवाची. त्याचा पैशात हिशेब लागत नाही, पण निर्णयावर त्याचाच जोर जास्त असतो. सोलापुरात वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आलं आहे. पाणी यायच्या दिवशी घरमालकाची टाकी आधी भरते, मग हौद, मग भाडेकरूच्या टाक्या, पिंप आणि घागरी. मोटर कोणाची, विजेचं बिल कोणी भरायचं, पाहुणे आले तर पाणी किती वापरायचं, यावरून होणारी कुरबुर भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याहून जिव्हारी लागते ती घर शोधतानाची विचारपूस. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या या शहरातही खोली दाखवण्याआधी आडनाव विचारलं जातं, जेवणात काय असतं ते विचारलं जातं. दलित आणि मुस्लिम कुटुंबांना पैसे हातात असूनही नकार ऐकावा लागतो. एकट्या बाईला आणि साठी ओलांडलेल्या जोडप्यालाही घर मिळणं कठीण जातं. ज्याला बाजारात भाड्याने घर मिळण्याचीच खात्री नाही, त्याला भाडं स्वस्त असतं हे सांगून काय उपयोग?

भाड्याच्या घराच्या या अनिश्चिततेचं मूळ बरंचसं कायद्याच्या इतिहासात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. महागाई वाढत गेली आणि पेठांमधल्या वाड्यांची भाडी काही रुपयांवर अडकली. मालकांनी डागडुजी सोडली, भाडेकरूंनी जागा सोडली नाही, पिढ्यान् पिढ्या कोर्टात गेल्या. एकदा पोळलेले मालक घर कुलूप लावून ठेवू लागले, पण भाड्याने देईनात. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानंतर लिव्ह अँड लायसन्सचा करार हाच भाड्याने देण्याचा मुख्य मार्ग झाला. त्यात मुदत संपली की जागा सोडावी लागते. म्हणजे जुन्या भाडेकरूला संरक्षण भरमसाट आणि नव्याला जवळपास काहीच नाही. मुलाची शाळा जवळ म्हणून घेतलेलं घर अकरा महिन्यांनी सोडायची वेळ येऊ शकते. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याने राहतात, स्वित्झर्लंडमध्ये त्याहून जास्त, आणि हे देश काही गरीब नाहीत. जर्मनीत भाडेकरार सहसा बेमुदत असतो, सबळ कारणाशिवाय मालकाला भाडेकरू काढता येत नाही, आणि भाडेवाढीलाही कायद्याची मर्यादा आहे. तिथल्या कुटुंबाला भाड्याच्या घरात म्हातारपण काढता येतं. आपल्याकडे ती हमी नाही, म्हणून माणूस सहा टक्क्यांचा हिशेब बाजूला ठेवून घर घेतो. तो अडाणीपणा करतो असं मी मानत नाही. जी हमी कायदा देत नाही ती तो स्वतःच्या पैशाने विकत घेतो.

आता परत कुंभारीला येऊ.

विडीचं काम बायका बहुतेक घरीच करतात. तेंदूची पानं आदल्या दिवशी भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा छोटा तुकडा पानावर धरून कात्रीने त्या मापाने पान कापायचं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. चिमूटभर तंबाखू पानावर पसरून दोन्ही हातांच्या बोटांनी वळायचं, टोक मुडपायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे. शंभर, पाचशे, हजार. मजुरी हजारावर मिळते. या कामाला उजेड लागतो, हवा लागते, पानं-तंबाखू ठेवायला कोरडी जागा लागते, आणि दिवसभर पाय पसरून बसता येईल एवढी जमीन लागते. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत चूल, अंथरुणं, पोरं आणि सूप सगळं एकत्र असतं. तंबाखूच्या वासाची शेजाऱ्यांची तक्रार आली की घरमालक खोली सोडायला सांगतो. शहराच्या पूर्व भागात कितीतरी पद्मशाली कुटुंबांनी घरातच माग लावून चादरी आणि टॉवेल विणले. त्यांची गोष्टही याच जातीची. अशा माणसाचं घर हाच त्याचा कारखाना. खोली बदलली की काम थांबतं, काम थांबलं की त्या आठवड्याची मजुरी बुडते. फ्लॅटच्या हिशेबात हा रकाना कुठेच नव्हता.

शिवाय अनुदानाने हिशेब मुळातच बदलतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ज्या घटकात रे नगर बसतं, त्यात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे घरामागे अडीच लाख मिळतात. उदाहरणादाखल ५ लाखांचं घर धरू. अडीच लाख अनुदान, उरलेले अडीच लाख नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांच्या कर्जाने. हप्ता येतो २,५३६ रुपये. शहरात एका खोलीचं भाडं अडीच हजार असेल, तर पहिल्या महिन्यापासून हप्ता आणि भाडं सारखंच, आणि पंधरा वर्षांनी तीनशे चौरस फुटांचं पक्कं घर नावावर. किंमत वाढो न वाढो, हा व्यवहार फायद्याचा आहे. मजुरी कधी मिळेल आणि कधी नाही याचा भरवसा नसलेल्या कुटुंबाला म्हातारपणी भाडं न भरावं लागणं हीच पेन्शन असते.

अडचणी आहेतच. पगाराची पावती नसलेल्या बाईला कर्ज द्यायला बँका कचरतात. त्यामुळे अशा योजनांत घर मंजूर होऊनही तिचा वाटा उभा राहायला वर्षं जातात. वसाहत शहराबाहेर असली की कामाच्या ठिकाणी जायचा रोजचा खर्च वाढतो. विडीवालीला पानं आणायला आणि विड्या जमा करायला विडी कारखान्याची शाखा जवळ नसेल, यंत्रमाग कामगाराला रात्रपाळी संपल्यावर बस नसेल, मुलीला शाळा दूर पडत असेल, तर भाड्यात वाचलेले पैसे रिक्षाच्या भाड्यात जातात. महिन्याला हजार-बाराशे रुपये प्रवासात जाणार असतील तर ते हप्त्यात मिळवूनच तुलना केली पाहिजे. घरं बांधून देणाऱ्या सरकारने बस, पाणी आणि शाळा यांची जबाबदारीही त्याच तातडीने घ्यायला हवी.

एका धोक्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. ज्यांना फ्लॅट परवडत नाही आणि योजनेत नाव लागत नाही, ते शहराच्या कडेला एक-दोन गुंठे घेतात. शेतजमिनीचे तुकडे, नोटरीचा कागद, सातबाऱ्यावर मूळ मालकाबरोबर दहा जणांची नावं. दर स्वस्त असतो, पण बिगरशेती परवाना नाही, मंजूर रेखांकन नाही, रस्ता कागदावर नाही. अशा जागेवर बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवानगी अडते, आणि विकायला गेलं की पडेल भावात द्यावी लागते. कष्टाने साठवलेले तीन-चार लाख अशा गुंठ्यात घालण्यापेक्षा भाड्याच्या खोलीत राहून ते ठेवीत ठेवणं शंभर पटीने बरं. फ्लॅट घेणाऱ्याने महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी पाहावी. मे २०१७ पासून ही सोय आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

तर निर्णय कसा करायचा? घराच्या किमतीला त्याच घराच्या वर्षाच्या भाड्याने भागा. आपल्या उदाहरणात ३० लाख भागिले १ लाख ८ हजार, म्हणजे जवळपास २८ वर्षांचं भाडं. उत्तर वीसच्या आत असेल तर घर घ्यायला हरकत नाही. पंचवीसच्या वर असेल तर घाई करू नका; विशेषतः बदलीची नोकरी असेल किंवा पुढच्या सात-आठ वर्षांत पुण्याला जाण्याचा विचार असेल तर भाड्यानेच राहा. मुद्रांक आणि नोंदणीचे दोन लाखांहून अधिक रुपये लवकर घर विकणाऱ्याच्या अंगावरच पडतात. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका, आणि दर दोन टक्क्यांनी वाढला तरी तो पेलेल ना, हे सही करण्याआधी तपासा. गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेऊन कुलूप लावणं मला अजिबात पटत नाही. त्यात पैसाही अडकतो आणि शहरातलं एक घरही. पण जुळे सोलापूरच्या त्या जोडप्याला याच शहरात आयुष्य काढायचं असेल, मुलाची शाळा इथेच ठरली असेल आणि शिस्तीने गुंतवणूक जमणार नाही हे ते प्रामाणिकपणे मान्य करत असतील, तर त्यांनी घर घ्यावं; फक्त भाव दुप्पट होईल या आशेने घेऊ नये.

आणि घर घ्याल तेव्हा ते घरातल्या बाईच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात महिलेच्या नावावर निवासी घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ३० लाखांच्या घरावर ती ३० हजार रुपये होते. प्रधानमंत्री आवास योजनेत तर घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे असावं असा नियमच आहे. दस्त नोंदवायला जाण्याआधी वकिलाला ही एक गोष्ट आवर्जून सांगा.